वर्गसोबत्यांचे काम पाहताना : 'छान जमले आहे' असे लिहिण्याआधी

दृश्यमाध्यमांच्या आमच्या अभ्यासक्रमात सत्राच्या अखेरीस प्रत्येकाला दोन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली म्हणजे स्वतःचे काम, मग तो लघुपट असो, छायाचित्रमालिका असो किंवा संगणकावर घडवलेले चित्र असो. आणि दुसरी म्हणजे इतर तिघांच्या कामावर लिहिलेले सविस्तर टिपण. पहिल्या गोष्टीसाठी आम्ही चार महिने झटतो आणि दुसरी आदल्या रात्री उरकतो. मीही गेली दोन सत्रे ती तशीच उरकली, हे इथे स्पष्ट लिहिते. 'संकल्पना उत्तम, मांडणी प्रभावी, संगीत समर्पक' एवढे शब्द कोणत्याही कामाखाली चालून जातात, आणि मुख्य म्हणजे काम न पाहताही ते लिहिता येतात. गेल्या सत्रात माझ्या लघुपटावर असेच एक टिपण आले. त्यात संगीताचे कौतुक होते. माझ्या लघुपटात संगीत नव्हतेच. संगीत वापरायचे नाही हा मी सर्वांत जास्त विचार करून घेतलेला निर्णय होता. त्या टिपणाने मला जितके वाईट वाटले, तितके कोणत्याही कठोर टीकेने वाटले नसते, आणि मग माझ्या लक्षात आले की मीही दोन सत्रे इतरांशी हेच करत आले आहे.

म्हणून या वेळी मी प्रत्येक काम तीनदा पाहायचे ठरवले, तेही वेगवेगळ्या दिवशी, आणि तिसऱ्यांदा पाहून झाल्याशिवाय मत असे काही लिहायचे नाही, फक्त जे दिसले आणि ऐकू आले तेच नोंदवायचे. त्या तीन कामांबद्दल इथे लिहिते आहे. करणाऱ्यांची परवानगी घेतली आहे, नावे मात्र देत नाही.

पहिले काम सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा लघुपट आहे. एक म्हातारी बाई सुईत दोरा ओवते आहे, एवढाच त्याचा विषय. पहिलाच शॉट एक मिनिट बारा सेकंदांचा आहे आणि त्यात एकही कट नाही. कॅमेरा सुईच्या इतका जवळ आहे की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम बोटाच्या पेराएवढा उरतो. हात जरा पुढे सरकला की नेढे धूसर होते, मागे आला की पुन्हा स्पष्ट होते. दोरा चार वेळा हुकतो. दुसऱ्या वेळेनंतर ती दोऱ्याचे टोक ओठांत ओले करते, अंगठा आणि तर्जनी यांच्यात पीळ देते, टोकाला फुटलेला एक तंतू नखाने मागे सारते. पहिल्यांदा पाहताना मी वहीत लिहिले होते, 'शॉट लांबला आहे, चाळीस सेकंदांवर कापता आला असता.' तिसऱ्यांदा मी कानाला हेडफोन लावून पाहिले, तेव्हा चौथ्यांदा दोरा हुकल्यावर एक श्वास सुटल्याचा आवाज आला. तो तिचा नव्हता, कारण तो कॅमेऱ्याच्या अगदी लगत होता. चित्रीकरण करणाऱ्याने इतका वेळ स्वतःचा श्वास रोखून धरला होता. संकलनात तो आवाज पुसणे सोपे होते आणि त्याने तो पुसला नाही. त्यानंतर 'लांबला आहे' हे वाक्य मी खोडले. तो शॉट लांब आहे, कारण पाहणारी दोन माणसे त्यात अडकून पडली आहेत, एक कॅमेऱ्यामागची आणि एक पडद्यासमोरची.

त्या शॉटनंतर कट होऊन तिचा चेहरा येतो. ती खिडकीबाहेर पाहते आहे. पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर चिडचीड दिसली, दुसऱ्यांदा थकवा दिसला, तिसऱ्यांदा मी फक्त तेवढाच तुकडा आवाज बंद करून पाहिला तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हते. ती नुसती पाहते आहे. लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलेली गोष्ट आम्ही पहिल्या सत्रात शिकलो होतो : एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी ठेवला की भुकेलेला वाटतो आणि शवपेटीशेजारी ठेवला की शोकाकुल वाटतो. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिले होते. तरीही स्वतःच्या खुर्चीत बसून ते माझ्यावर घडताना मला कळले नाही. माझी अधीरता मी त्या बाईच्या चेहऱ्यावर चढवली होती.

याच लघुपटाबद्दल मला दोन गोष्टी खटकल्या आणि त्याही मी टिपणात लिहिल्या. चार मिनिटे पाच सेकंदांवर व्हायोलिन सुरू होते आणि तोवर स्वतः शोधत असलेली भावना आपल्या हातात आयती ठेवली जाते. दोरा ओवला जाण्याच्या क्षणापाशी ते वाद्य नसते तर मी पुढे झुकून पाहिले असते. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. खोलीचा म्हणून एक अखंड आवाज असतो, पंख्याचा, दूरच्या रहदारीचा, भिंतींचा. चित्रीकरण संपल्यावर सर्वांनी गप्प राहून तो अर्धा-एक मिनिट वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर संकलनात कटांखाली तो सलग अंथरता येतो. इथे तो मुद्रित केलेला नसावा, कारण तीन ठिकाणी कटाबरोबर खोलीच बदलल्यासारखी वाटते.

दुसरे काम बारा छायाचित्रांचे आहे. सगळी एकाच जिन्याची आणि सगळी भर गर्दीच्या वेळी काढलेली. तरी जवळजवळ सगळ्या चित्रांत जिना रिकामा आहे. वर्गसोबतिणीने भिंगावर अतिशय गडद फिल्टर लावला होता. एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, त्या हिशेबाने दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करतो, म्हणजे एरवी एक तीसांश सेकंदात निघणाऱ्या चित्राला चौतीस सेकंद लागतात. त्या अवधीत चालून जाणारा माणूस कुठल्याही एका जागी पुरेसा थांबतच नाही, म्हणून तो चित्रात उमटत नाही. १८३८ साली छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेर याने पॅरिसच्या एका रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यातही हेच झाले होते. कित्येक मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे चित्रावर प्रकाश पडू देण्याच्या अवधीत, घोडागाड्या आणि माणसे विरून गेली, आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उरला. छायाचित्रात दिसणाऱ्या पहिल्यावहिल्या माणसांपैकी तो एक मानला जातो, आणि आपले चित्र निघाले हे त्याला कधी कळलेही नसेल.

या मालिकेतल्या सातव्या चित्राने मला धरून ठेवले. चौथ्या पायरीवर बुटांची एक जोडी आहे. नाड्यांची गाठ इतकी स्पष्ट की तिचा एक पदर दुसऱ्यापेक्षा लांब राहिला आहे हेही दिसते. घोट्याच्या वर पँटचा गुडघ्यापर्यंतचा भाग अंधुक, आणि गुडघ्यांच्या वर केवळ एक राखाडी विरळ छाया आहे. कुणीतरी पायरीवर बसले होते. पाय स्थिर होते आणि वरचे शरीर कदाचित फोनवर बोलताना हलत होते. मी टिपणात असे लिहिले आहे की उरलेली अकरा चित्रे हा उत्तम सराव आहे आणि सातवे हे चित्र आहे, त्यामुळे ते एकटेच मांडायला हवे होते. या वाक्याबद्दल मला खात्री वाटत नाही, आणि मुख्यतः त्यासाठीच मी इथे लिहिते आहे.

तिसरे काम डिजिटल आहे. एका वर्गसोबत्याने आपल्या शाळेतले सामूहिक छायाचित्र घेतले, चार रांगांत उभ्या-बसलेल्या मुलांचे, आणि ते जेपेग स्वरूपात (चित्राची फाइल आकाराने लहान करून साठवण्याची पद्धत) उघडून पुन्हा साठवायचे, असे सहाशे वेळा केले. या प्रवासातली नऊ चित्रे पडद्यावर एकामागून एक येतात. जेपेगमध्ये चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे (पिक्सेलचे) चौकोन पाडले जातात आणि त्यांतले बारीक तपशील आधी टाकून दिले जातात, म्हणून इथे मागची भिंत बराच काळ शाबूत राहते आणि चेहरे आधी जातात. हे पाहताना मला रसेल कर्श या अमेरिकी संगणक अभियंत्याची आठवण झाली. त्यांनी १९५७ साली यंत्राला जे पहिले छायाचित्र 'वाचायला' दिले, ते त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे होते, अवघ्या १७६ गुणिले १७६ बिंदूंचे. त्या वेळी चौकोनांमधून चेहरा वर येत होता, इथे तो चौकोनांत बुडतो आहे. मात्र हे काम मला थोडे यांत्रिक वाटले. कल्पना सुचली, पुढचे सगळे संगणकाने केले, असे माझे मत झाले आणि मी ते सौम्य शब्दांत लिहिले.

टिपणे द्यायला अजून चार दिवस आहेत. सोबत्यांच्या कामाबद्दल तुम्ही कसे लिहिता, काय लिहायचे टाळता, आणि माझे वरचे वाचन कुठे चुकते आहे, हे वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे संकलन करतो आणि अधूनमधून शिकवतो. लघुपटाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते करणाऱ्याला उपयोगी पडेल, कारण त्यात वेळ दिली आहे. 'मध्यंतरी संथ होतो' हे वाक्य घेऊन कुणालाही टाइमलाइनपाशी बसता येत नाही. 'चार मिनिटे पाच सेकंदांवर व्हायोलिन आले आणि माझे शोधणे थांबले' हे वाक्य घेऊन बसता येते. सेकंदाला चोवीस चौकटी असतात आणि कट दोन चौकटी अलीकडे घ्यावा की पलीकडे, यावर आम्ही तासन्‌तास घालवतो, तेव्हा आम्हाला मिळणारा अभिप्रायही निदान सेकंदापर्यंत यावा अशी अपेक्षा गैर नाही.

एका गोष्टीवर मात्र सावध करतो. श्वासाचा आवाज त्याने जाणूनबुजून ठेवला, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तो त्याला ऐकूच आला नसेल, हीही शक्यता आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर संकलन करणाऱ्यांना असे आवाज ऐकू येत नाहीत, आणि खोलीचा आवाज त्याने वेगळा घेतला नाही हे पाहता तो ध्वनीकडे फार लक्ष देणारा दिसत नाही. अर्थात त्यामुळे तुम्हाला जे जाणवले ते खोटे ठरत नाही. फक्त टिपणात 'तू श्वास ठेवलास' असे न लिहिता 'मला श्वास ऐकू आला आणि त्यामुळे शॉटकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली' असे लिहा. पहिल्या वाक्यात तुम्ही त्याच्या मनातले सांगता, दुसऱ्यात तुमच्या, आणि तुम्हाला अधिकार फक्त दुसरे वाक्य लिहिण्याचा आहे.

लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास अभिप्रायाची एक पद्धत घडवली, ती मी वर्गात वापरतो. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगायचे. मग कलाकाराने स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे. आणि मत द्यायचेच असेल तर शेवटी, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. यातली तिसरी पायरी सर्वांत अवघड जाते. 'एवढे गडद का ठेवलेस' हा प्रश्न नसतो, तो प्रश्नाच्या कपड्यांतला आक्षेप असतो. 'प्रकाश ठरवताना तुझ्या मनात काय होते' हा प्रश्न असतो. विद्यार्थ्यांना हा फरक पकडायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर वर्ग फार शांत असतो.

प्रतिसाद २

मी थोडे वेगळे मांडते. मीही छायाचित्रणाची विद्यार्थिनी होते. दुसऱ्या वर्षी भर वर्गात माझी मालिका भिंतीवर लावली होती आणि पाऊण तास एकेकाने उठून आपण ती कशी केली असती हे सांगितले. एकाने रंग काढून टाकायला सांगितले, दुसऱ्याने चित्रे चौरस कापायला सांगितली, तिसरीने तर विषयच बदलून दिला. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, उलट सर्वांनी अगदी मन लावून पाहिले होते. त्यानंतर पाच महिने मी कॅमेरा हातात घेतला नाही. तुमच्या सेकंदनिहाय नोंदी वाचताना मला तो पाऊण तास आठवला.

शिक्षकाचे काम परीक्षण करणे असेल, पण सोबती हा त्याच जिन्यावरून चढत असलेला माणूस असतो. त्याने कधीकधी फक्त 'छान जमले आहे' म्हणावे, आणि तेही पुरेसे असते, हे मला कळायला वेळ लागला. त्या पाच महिन्यांनंतर मी पुन्हा चित्रे काढू लागले, कारण एका मैत्रिणीने, कसलीही कारणे न देता, माझे एक चित्र छापून आपल्या टेबलासमोर लावले होते.

धागालेखिका

आपला अनुभव वाचून मी बराच वेळ उत्तर लिहू शकले नाही. त्या पाऊण तासात जे झाले, त्याला मी तरी पाहणे म्हणणार नाही. ते सगळे आपल्या चित्रांकडे पाहत होते, असे मला वाटत नाही. ते स्वतःच्या, अजून न काढलेल्या चित्रांकडे पाहत होते. 'मी असे केले असते' हे वाक्य मी माझ्या टिपणांतून शोधून काढले आणि ते दोनदा सापडले. 'चाळीस सेकंदांवर कापता आला असता' हेही तेच वाक्य आहे, फक्त त्यातला 'मी' दडवलेला आहे.

तरी 'छान जमले आहे' पुरेसे असते, हे मला मान्य करता येत नाही. आपल्या मैत्रिणीने कारणे दिली नाहीत, पण तिने एक चित्र निवडले, ते छापले आणि रोज नजरेसमोर राहील अशा जागी लावले. सगळ्या चित्रांमधून एक निवडणे हा फार नेमका अभिप्राय आहे. माझ्या लघुपटावरच्या ज्या टिपणात नसलेल्या संगीताचे कौतुक होते, त्याही टिपणात कौतुकच होते, आणि त्याने मला अगदी एकटे पाडले.

प्रतिसाद २

हे मान्य. तिने खरोखरच नेमके तेच चित्र निवडले होते, जे मी मालिकेतून काढून टाकणार होते.

प्रतिसाद ३

जिन्याच्या छायाचित्रांबद्दल लिहितो. आपण विचारलेच आहे म्हणून सांगतो की सातवे चित्र एकटे मांडायला हवे होते, हे वाचन मला पटत नाही.

ते चित्र एकटेच भिंतीवर आहे अशी कल्पना करा. पाहणाऱ्याला काय दिसेल? पायरीवर बुटांची एक जोडी आणि वर धुरकट आकृती. 'युक्ती' म्हणून तो पुढे जाईल, किंवा संगणकावर दोन लेअर एकमेकांवर ठेवून हे केले असावे असे समजेल. आपल्याला ते बूट धरून ठेवू शकले, कारण त्याआधीच्या सहा चित्रांनी रिकामा जिना हा नियम आपल्या डोळ्यांत मुरवला होता. आपण स्वतःच लिहिले आहे की जवळजवळ सगळ्या चित्रांत जिना रिकामा आहे. तो 'जवळजवळ' हा शब्द सातव्या चित्रासाठीच खर्ची पडला आहे. मालिका वाचणे आणि चित्र वाचणे या दोन वेगळ्या सवयी आहेत, आणि आपण सगळे फोनच्या पडद्यावर एकेक चित्र पाहत आल्यामुळे पहिली सवय मोडत चालली आहे. भिंतीपाशी परत जाऊन दोन पावले मागे उभे राहा आणि बाराही चित्रे एका नजरेत घ्या. सातव्यानंतरची पाच रिकामी चित्रे तुम्हाला पूर्वीइतकी रिकामी दिसतात का, हे पाहा.

आणखी एक बारकावा. चौतीस सेकंदांचे एक्स्पोजर चालू असताना छायाचित्रकाराला काहीच करता येत नाही. शटर उघडे असते, ट्रायपॉडला हात लावायचा नसतो, समोरून माणसे जात असतात. चित्र काय आले आहे ते नंतरच कळते. एरवीच्या छायाचित्रणात आपण क्षण टिपतो म्हणतो. इथे क्षण गोळा होत राहतो आणि आपण शेजारी उभे असतो. त्या वेळी ती कुठे पाहत होती, हा प्रश्न तिला जरूर विचारा. मी तिच्या जागी असतो तर मला तेच कुणीतरी विचारावेसे वाटले असते.

धागालेखिका

आज दुपारी भिंतीपाशी जाऊन आले. आपण म्हणता ते खरे आहे. आठव्या आणि नवव्या चित्रात मी चौथ्या पायरीवर बूट शोधत होते, आणि दहाव्या चित्रात कठड्यापाशी एक फिकट डाग आहे, तो मी तीन वेळा पाहूनही माझ्या नोंदींत नव्हता. तिथे कुणीतरी थोडा वेळ टेकून उभे राहिले असावे. 'अकरा चित्रे हा सराव आहे' हे वाक्य काढून टाकले आहे.

तिला आपला प्रश्न विचारला. ती म्हणाली की प्रत्येक वेळी ती मनात चौतीसपर्यंत मोजत होती आणि डोळे मिटून घेत होती, कारण उघडे ठेवले की तिला लोकांना 'थांबा' म्हणावेसे वाटायचे. बुटांचा माणूस तिने पाहिलेलाच नाही.

प्रतिसाद ४

तिसऱ्या कामाबद्दल कुणीच काही लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी चित्रांवर प्रक्रिया करणारे प्रोग्राम लिहितो आणि आपल्या वर्णनात मला एक गोष्ट जुळत नाही.

जेपेग चित्र उघडून, काहीही न बदलता, त्याच गुणवत्तेवर पुन्हा साठवले, तर पहिल्या काही वेळांत ते थोडे बिघडते आणि नंतर बिघडणे जवळजवळ थांबते. कारण असे की पहिल्या वेळी प्रत्येक आठ गुणिले आठच्या चौकोनातल्या आकड्यांची जी पूर्णांकांवर काटछाट व्हायची ती झालेली असते. पुढच्या वेळी तेच चौकोन, तेच आकडे आणि तीच काटछाट असल्यामुळे नवीन काही फारसे हरवत नाही. म्हणजे केवळ सहाशे वेळा साठवून चेहरे चौकोनांत बुडणार नाहीत. दहाव्या वेळचे चित्र आणि सहाशेव्या वेळचे चित्र डोळ्यांना सारखेच दिसेल. चेहरे खरोखर जात असतील, तर आपल्या सोबत्याने प्रत्येक वेळी काहीतरी केलेले आहे, गुणवत्ता बदलली आहे, चित्राचा आकार बदलला आहे किंवा ते किंचित सरकवले आहे, जेणेकरून चौकोनांची जाळी दर वेळी नव्या जागी पडेल. 'पुढचे सगळे संगणकाने केले' हे वाक्य टिपणात ठेवण्यापूर्वी त्याला तेवढे विचारा. संगणकाला सोडून दिले असते तर त्याने ते चित्र जपले असते. ते मिटवण्यासाठी माणसाला सहाशे वेळा मध्ये पडावे लागले आहे.

आमच्या क्षेत्रातल्या कामांबद्दल हे नेहमी होते, म्हणून जरा तीव्रतेने लिहिले. ब्रशचे फटकारे दिसतात आणि त्यामागचा हात लगेच मान्य होतो. आमचे श्रम दिसू नयेत अशीच त्या साधनांची रचना असते, आणि मग श्रम झालेच नाहीत असा निष्कर्ष निघतो. स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहून एका रात्रीत सहाशे चित्रे काढता येतात हे खरे आहे, पण जाळी कुठे सरकवायची हे स्क्रिप्टला कुणीतरी सांगावेच लागते.

प्रतिसाद १

हे मला नवीन होते. संकलनात आम्ही उगाचच पुन्हापुन्हा निर्यात (एक्स्पोर्ट) करू नका म्हणून ओरडत असतो, पण ऱ्हास कुठेतरी थांबतो हे ठाऊक नव्हते. धागालेखिकेने त्याला विचारले असेल तर उत्तर इथे जरूर लिहावे.

धागालेखिका

विचारले, आणि उत्तर लिहिण्याआधी मला स्वतः ती नऊ चित्रे पुन्हा पाहायची होती, म्हणून दोन दिवस लागले.

तो प्रत्येक वेळी चित्राच्या डाव्या कडेचा एक बिंदू रुंदीचा उभा पट्टा कापत होता आणि मग साठवत होता. त्यामुळे चौकोनांची जाळी दर वेळी एका बिंदूने सरकत होती, जसे वर प्रतिसादात लिहिले आहे अगदी तसेच. स्क्रिप्ट त्याने वापरली नाही. रोज रात्री वीस वेळा, असे महिनाभर त्याने हाताने केले. का, असे मी विचारले नाही. प्रतिसाद १ मधली तिसरी पायरी लक्षात ठेवून 'हे रोज करताना काय होत होते' एवढेच विचारले. तो म्हणाला की पहिल्या आठवड्यात मुलांची नावे आठवत होती आणि शेवटच्या आठवड्यात तो नावे आठवण्याचा प्रयत्न करत होता.

मूळ चित्र बत्तीसशे बिंदू रुंद होते, म्हणजे शेवटच्या चित्रापर्यंत त्यातले सहाशे बिंदू गेले आहेत, जवळजवळ पाचवा हिस्सा. पडद्यावर चित्रे एकामागून एक येतात, प्रत्येक चित्र पडद्याच्या मधोमध असते, आणि मी तिन्ही वेळा चेहरेच पाहत होते, त्यामुळे चौकट आत येते आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. काल मी मुले मोजली. पहिल्या चित्रात चाळीस आहेत, दर रांगेत दहा. शेवटच्या चित्रात चेहरे ओळखू येत नाहीत, पण खांद्यांच्या आकारांवरून मोजता येते, तर बत्तीस आहेत. डावीकडची आठ मुले चौकोनांत बुडाली नाहीत, ती चित्राबाहेर गेली.

तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा तो स्वतः आहे. पाचव्या चित्रात त्याचा अर्धा खांदा दिसतो, सहाव्या चित्रात त्याच्या जागी शेजारच्या मुलाची बाही आहे.

त्याच्या कामावरचे टिपण पुन्हा लिहायला घेतले आहे. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचे आहे, आणि त्याआधी चित्रे आणखी एकदा पाहायची आहेत, या वेळी फक्त उजवी कड.